वाढतं माप

राजरत्ननं पंख्याच्या जाळीवर फुंकर मारली आणि साताऱ्याची धूळ सांगलीच्या विश्रामबागेत उडाली.

"मेजर, घरात कॉम्प्युटर ठेवलाय का पिठाची गिरण?"

नाथाजी स्टुलावर ताठ बसला होता. मांडीवर फौजेतल्या कांबळ्याची घडी होती. त्याच कांबळ्यात गुंडाळून त्यानं कॉम्प्युटरचा डबा पहाटेच्या एसटीनं साताऱ्याहून आणला होता. कंडक्टर म्हणाला होता, टपावर टाका. नाथाजीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसं त्या बिचाऱ्यानं एकच तिकीट दोनदा पंच केलं होतं.

"गिरण न्हाई," नाथाजी म्हणाला. "ह्यो बसल्या जागचा हलत न्हाई. मग ह्याची आई झाडू मारणार कुठनं?"

"घ्या. म्हणजे धूळबी माझ्याच नावावर," पलीकडच्या खुर्चीतून जयराज म्हणाला.

बापलेकांचं असंच चालायचं. नाथाजी फौजेत स्टोअर हवालदार होता. पण गावाकडं फौजेतून परत येईल तो मेजरच, तसा हाही मेजर. आता साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचा आणि तिथल्या नट-बोल्टांनाही सलामी द्यायला लावल्यासारखा रांगेत ठेवायचा. जयराज त्याचा एकुलता. सांगलीला इंजिनिअरिंगला होता, दुसऱ्या वर्षात आजारी पडला आणि घरी आला. कॉलेजात असताना तो वर्गात कमी आणि राजरत्नच्या या दुकानात जास्त दिसायचा. घरचा कॉम्प्युटरही राजरत्ननंच जोडून दिलेला.

आज मात्र जयराजनं स्क्रूड्रायव्हरला हात लावला नव्हता. जानेवारीची दुपार, बाहेर लोक अर्ध्या बाह्यांनी फिरत होते, आणि तो स्वेटरात हात आत ओढून बसला होता.

"तर दुखणं काय म्हणतोस जया?"

"कार्ड बसवल्यापासनं. शर्यत सुरू होती, गाडी पळती, आन् तिसऱ्या फेरीला वळली का पडदा काळा. मशीन आपोआप पहिल्यापासनं."

कार्ड म्हणजे खेळातली चित्रं खऱ्यासारखी दिसावीत म्हणून बसवायचं थ्रीडी कार्ड. कॉलेजातले दोस्त भेटायला आले तेव्हा सगळ्यांनी मिळून आणलं होतं. नाथाजीला त्यातलं काही कळत नव्हतं. पण दाराच्या कडीत तेल घालायच्या निमित्तानं तो रोज संध्याकाळी उंबऱ्यात उभा राहायचा. गाडी वळायची, पडदा काळा व्हायचा. पोरगं चिडायचं नाही. नुसती कीबोर्डवरची बोटं उचलून मांडीत ठेवायचं. ते ठेवणं नाथाजीला बघवत नव्हतं. त्या दाराच्या कडीला इतकं तेल मिळालं होतं, की आता ती हात न लावताच उघडायची.

राजरत्ननं आतला पत्र्याचा चौकोनी डबा सोडवून टेबलावर ठेवला. त्यातून रंगीत वायरींचा झुपका लोंबत होता.

"मेजर, हा एसएमपीएस. भिंतीतनं वीज घ्यायची आणि आतल्या पार्टांना ज्याची त्याला वाटून द्यायची, एवढंच ह्याचं काम. हा हाय दोनशे वॉटचा. नवीन कार्ड बसल्यापासनं ह्याला झेपंना झालंय."

"कंपनी वाढली आन् राशन तेवढंच."

"आता कसं बोललात. माझा बापबी फौजेतला. त्यानं मला एकच शिकवलंय, स्टोअरवाल्याशी हुज्जत घालायची न्हाई."

नाथाजी हसला. हसताना त्यानं जयराजकडे बघायचं टाळलं. सकाळपासून तो हेच करत होता.

सकाळी मिरजेला, दवाखान्यात, डॉक्टरांनी जयराजला वजन करायला बाहेर पाठवलं होतं. वजन आल्या आल्याच झालं होतं. दुसऱ्यांदा कशाला, हे नाथाजीला तेव्हाच उमगलं. डॉक्टर हळू बोलले. रक्तानं आता औषधाचं ऐकायचं सोडलंय, म्हणाले. यापुढच्या सुया म्हणजे पोराला नुसता त्रास. घरी न्या. आवडेल ते खाऊ द्या, आवडेल ते करू द्या.

"दिवाळीपातुर?" नाथाजीनं विचारलं होतं.

डॉक्टरांनी टेबलावरची तपासायची नळी गुंडाळली आणि परत उलगडली.

"दिवाळी लांब आहे, नाथाजीराव. आपण गुढीपाडव्याचं बोलू."

दार उघडून बाहेर येईपर्यंत नाथाजीनं चेहरा जागेवर आणला. तो चेहरा त्याच्याकडे तयारच होता. स्टोअरच्या खिडकीमागं उभं राहून त्यानं उभी नोकरी त्याच चेहऱ्यावर काढली होती. आठ नंबरचे बूट नाहीत? सध्या नऊ घाल, पुढच्या लॉटला बदलून देतो. जर्सी उसवली? पुढच्या लॉटला. लॉट कधी यायचा, कधी यायचा नाही, पण खिडकीपुढचा जवान निवांत होऊन परत जायचा. खोटं बोलताना डोळा मोठा करायचा नाही आणि हात हलवायचा नाही, एवढंच त्यातलं कसब. त्याच चेहऱ्यानं तो जयराजला म्हणाला होता,

"सुधारणा हाय. पुढल्या म्हयन्यात परत बोलावलंय."

"बरं," जयराज म्हणाला होता. झालं, नाथाजीच्या मते मोहीम फत्ते.

रक्त कमी आहे, एवढंच पोराला सांगायचं असं घरात पहिल्यापासून ठरलं होतं. त्याच्या बायकोला, साळूबाईलासुद्धा आजचं अजून कळायचं होतं. ते कसं सांगायचं, हा विचार नाथाजीनं कांबळ्याच्या घडीत घालून ठेवला होता. आधी हे मशीन. पोराची एक शर्यत तरी शेवटपर्यंत जाऊ दे.

"बोला," तो राजरत्नला म्हणाला. "कितीचा बसवायचा?"

राजरत्ननं बोटांवर मोजायला सुरुवात केली. प्रोसेसर एवढा खातो, कार्ड एवढं, हार्ड डिस्क, सीडीचा ड्राइव्ह, पंखे. एका हाताची बोटं संपली, तसा अंगठ्यानं पेरं मोजायला लागला.

"आजच्या घडीला म्हणाल तर अडीचशेचा पुरंल. हाय माझ्याकडं, ह्या मागच्या फळीवर. पण एसएमपीएस घेताना आज काय लावलंय ते बघायचं नसतं मेजर. उद्या काय लावणार ते बघायचं असतं." तो जयराजकडे वळला. "बोल, पुढं काय काय वाढवायचंय?"

जयराजचे हात स्वेटराच्या बाह्यांतून बाहेर आले.

"दुसरी हार्ड डिस्क. मग सीडी रायटर."

"हां."

"वर्षभरात ह्याच्यापेक्षा मोठं कार्ड येतंय. मासिकात आलंय. ते."

"दोन हजार साली कॉम्प्युटर बंद पडणार म्हणतेत सगळे, आन् ह्यो कार्ड बदलाय निघालाय."

"पडले तर तुझं दुकान बंद पडंल राजूदा. माझं काय जातंय?"

राजरत्न खदखदून हसला. जयराजच्या गालावर कितीतरी दिवसांनी जरा रंग आला होता. नाथाजीनं तो पाहिला, आणि दुकानाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षेकडं बघत बसला.

"मग तर तीनशेचाच घ्या," राजरत्न म्हणाला. "वाढत्या मापाचा. मेजर, ही तर तुमचीच भाषा. ह्या गड्यानं तुमच्या सगळ्या गोष्टी सांगितल्यात मला."

गोष्टी खऱ्याच होत्या. फौजेत ज्याला त्याला मापाचा कपडा देणारा नाथाजी स्वतःच्या पोराला मात्र मापाचं कधी घ्यायचा नाही. शाळेची चड्डी गुडघ्याखाली, बुटांच्या टोकात कापूस, स्वेटर असा, की त्यात पोरगं आहे की नाही हे हाक मारून बघावं लागे. मामाच्या लग्नात सफारी शिवली, तर फोटोत बाह्यांतून बोटांची फक्त टोकं आली. पाव्हणे चेष्टा करायचे. नाथाजी ऐकून घ्यायचा. "वाढतं अंग हाय. आज ढगळ, पर सालभरात घट्ट हुतंय," म्हणायचा. पोराला उंच होताना बघणं हेच त्याचं वर्षाचं उत्पन्न होतं. सुट्टीवर आला, की पिशवी ठेवायच्या आधी तो पोराच्या पँटची दुमड उसवायला बसायचा. दुमडीच्या आतल्या कापडाचा रंग नवा असायचा. बोटभर नवा रंग बाहेर आला, म्हणजे पोरगं तेवढं वाढलं.

आताही जयराजच्या अंगात कॉलेजला जाताना शिवलेली पँट होती. खाली जाड दुमड घातलेली. कमरेला ती आता पट्ट्यानं चुण्या पाडून धरली होती.

"तीनशेचा काढ की मग," जयराज म्हणाला.

"इथं न्हाई. पुण्यासनं आणाय लागंल. माझा भाऊ कपिल जातोय पुढल्या महिन्यात, त्याच्याबरोबर मागवतो."

"चालतंय. पुढल्या महिन्यात मिरजेला यायचंच हाय आपल्याला. तवा बसवू. तवर दुसरा कायतरी साधा गेम खेळतो. होय का न्हाई आप्पा?"

"न्हाई," नाथाजी म्हणाला.

तो शब्द त्याच्या तोंडून इतक्या झटक्यानं गेला, की राजरत्नच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"न्हाई म्हंजे... आजच बसव. हाय त्यो अडीचशेचा."

"आवं पण मेजर, महिन्याचा तर प्रश्न हाय."

"पुरतोय म्हनलास न्हवं?"

"आजच्या घडीला पुरतोय."

"मग झालं. मापाचा हाय की. जादाचा घिऊन काय करायचंय?"

राजरत्न टेबलावर हात आपटून हसला. "ऐकलंस का जया? मेजर मापाचं घ्या म्हणतायत. आज सूर्य कुठनं उगवलाय बघ."

जयराज हसला नाही. तो बापाकडं बघत होता. नाथाजीचा डोळा मोठा झाला नव्हता, हातही हलला नव्हता. चेहरा जिथल्या तिथं होता, स्टोअरच्या खिडकीमागं असायचा तसाच. जयराजनं तो चेहरा नीट पाहिला. मग त्याची नजर खाली गेली, स्वतःच्या पायांपाशी, पँटच्या दुमडीवर, आणि तिथंच जरा वेळ राहिली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत गेला.

"बसव राजूदा," ट्रॅक्टर गेल्यावर जयराज म्हणाला. "अडीचशेचाच बसव. आप्पांचं बरोबर हाय."

"आरं पण ते मोठं कार्ड..."

"ते मासिकवाले काय, काहीबी छापत्यात." त्यानं हात परत स्वेटरात ओढून घेतले. "ह्याच्यावर तिसरी फेरी होईल न्हवं?"

"तिसरी काय, दहा फेऱ्या मार."

"मग बास की."

राजरत्ननं फळीवरून खोकं काढलं. नाथाजीनं कांबळ्याची घडी उलगडली आणि पुन्हा होती तशीच घातली. आजचा दिवस निभावला, असं त्याला वाटलं.

परतीच्या एसटीत डबा त्याच्या मांडीवर होता आणि जयराज खिडकीशी. पेठ नाक्याच्या पुढं वारा गार झाला.

"खिडकी लावू का आप्पा? तुमाला वारं लागंल."

"मला काय धाड भरलीय? तुला लागंल."

"मग लावतो," जयराज म्हणाला. खिडकी ओढून घेऊन त्यानं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. पाचवी-सहावीनंतर त्यानं असं डोकं टेकलं नव्हतं. नाथाजी हलला नाही. खांद्याला मुंग्या आल्या तरी हलला नाही.

कराड आलं, आणि त्याला एकदम सुचलं. आज अडीचशेचा ने, पुढच्या महिन्यात तीनशेचा आला की बदलून देतील. एवढं एकच वाक्य. पुढच्या लॉटला बदलून देतो. अख्ख्या पलटणीला जे वाक्य त्यानं झोपेतही सांगितलं असतं, ते पोरापुढं त्याला आठवलं नव्हतं. त्यानं मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून खांद्याकडं पाहिलं. जयराजचे डोळे मिटलेले होते. पण श्वास झोपेतला नव्हता.

साळूबाईनं दारातच विचारलं, "काय म्हनला डॉक्टर?"

"सुधारणा हाय," जयराज म्हणाला. नाथाजीच्या आधी. "पुढल्या म्हयन्यात बोलावलंय."

नाथाजीनं डबा खाली ठेवला. पोराचा डोळा मोठा झाला नव्हता, हात हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी ऊन पडवीत आलं, तशी साळूबाई शेंगा फोडायला बसली. नाथाजी पेपर घेऊन होता. आतून शर्यतीच्या गाड्यांचा आवाज येत होता, आणि तिसरी फेरी कधीच होऊन गेली होती. पडदा काळा झाला नव्हता. नाथाजी पेपराचं एकच पान धरून ते ऐकत होता.

आवाज थांबला. जयराज दारात आला. अंगात पायजमा, हातात कालची पँट.

"आई, ही जरा मापाची करतीस का? दुमड काढून टाक. कापूनच टाक. जड हुतीया."

साळूबाईनं शेंगा फोडता फोडता मान वर केली.

"कापायची? आता जरा तब्बेत उतारली म्हनून का? अंग भरलं म्हंजे..."

तिनं वाक्य अर्धं सोडलं आणि सवयीनं नवऱ्याकडं बघितलं. ते वाक्य पुरं करायचं काम त्याचं होतं. वीस वर्षं त्याचंच होतं. आज ढगळ, पर सालभरात घट्ट हुतंय. चार शब्द इकडं तिकडं. ती थांबली. जयराजही दारात उभा राहिला, त्याच्याकडे न बघता, पडवीतल्या उन्हाकडं बघत.

नाथाजीनं तोंड उघडलं. पेपराची घडी घातली. तोंड मिटलं.

साळूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती, कुणी लांबून येताना ओळखू येतंय का बघावं तशी. मग तिनं ती शेंग न फोडताच सुपात टाकली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आत स्वैपाकघरात गेली. भांडं वाजलं नाही, स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला नाही.

"आण हिकडं," नाथाजी म्हणाला. "मी करतो."

"कापा बरं का आप्पा. नुसती आत घालू नका."

"कापतो म्हनलं न्हवं? जा, खेळ जा."

जयराज आत गेला. गाड्या पुन्हा सुरू झाल्या.

फौजेत प्रत्येकाला सुईदोऱ्याची छोटी पिशवी मिळते. नाथाजीची अजून खुंटीला होती. त्यानं ती काढली, उन्हात कांबळं अंथरून मांडी घातली आणि पँट उलटी करून गुडघ्यावर पसरली. एकेक टाका उसवला. दुमडीतून चार बोटं कापड बाहेर आलं, कोरं, गडद निळं, एकदाही ऊन न लागलेलं. बाकीची पँट विटून राखाडी झाली होती. त्यानं ते कापड अंगठ्यानं सपाट केलं. कात्री घेतली. पातं रेघेवर ठेवलं.

आतून गाडी वळणावर करकरली आणि पुढं निघून गेली.

नाथाजीनं कात्री खाली ठेवली. आवाज होऊ नये म्हणून कांबळ्याच्या कडेवर ठेवली. मग ते निळं कापड पातळ दुहेरी दुमडून पार आत सारलं, बाहेरून बोट फिरवलं तरी लागू नये इतकं चपटं, आणि बारीक टाके घालायला लागला.

"आप्पा," जयराजनं आतून विचारलं, "कापलं का?"

"व्हय," नाथाजी म्हणाला. "कापलं."

"मापाची झाली?"

त्यानं दोरा दातात धरला, गाठ मारली.

"मापाची झाली."